स्वतःच्या जमिनीवर कॅम्पसाईट: किती टेंट बसतील हे एकरावर ठरत नाही, संडास आणि पावसाच्या पाण्यावर ठरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाचेक एकर पडीक जमीन आहे, एका अंगाला ओढा, थोडी मोठी झाडं, एक विहीर, वीज नाही. तिथे लोकांना टेंट लावायला जागा भाड्याने द्यायची आहे, तर किती टेंट बसतील, काय काय बांधावं लागेल आणि कुठल्या ॲपवर टाकायचं. मी बरीच वर्षं हेच करतोय, स्वतःच्या जमिनीवर, आणि आता इतरांच्या जमिनी बघायलाही जातो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

"किती टेंट बसतील" हा हिशोब सगळेच आधी करतात. मोबाईलवर नकाशा उघडायचा, जमिनीवर चौकोन पाडायचे, एका टेंटला एवढी जागा, म्हणजे इतके टेंट, गुणिले इतके शनिवार-रविवार, झाला धंदा. त्या हिशोबाने पाच एकरात शंभर टेंटसुद्धा बसतात. पण प्रत्यक्षात साईट, म्हणजे टेंट लावायच्या ठरवलेल्या जागा, किती ठेवायच्या हे दोनच गोष्टी ठरवतात: पाऊस पडल्यावर पाणी तुमच्या जमिनीवरून कुठून कुठे जातं, आणि माणसांचा मैला नि सांडपाणी तुम्ही कुठे आणि कसं जिरवणार. या दोन्हींची उत्तरं पक्की झाली की टेंटचा आकडा आपोआप समोर येतो, आणि तो जवळजवळ नेहमी आपण धरला होता त्यापेक्षा बराच लहान असतो.

आधी पावसात फिरा

पहिलं काम, आणि याला एक पैसा लागत नाही. जोराचा पाऊस चालू असताना गमबूट घालून जमिनीवर फिरा, थांबल्यावर नाही, चालू असतानाच. हातात खुंट्यांचा गठ्ठा घ्या, त्यांना रंगीत फीत बांधलेली असू दे. जिथे जिथे पाणी वाहताना दिसतं तिथे लाल फीतवाली खुंटी ठोका, जिथे साचतं तिथे पिवळी. पाऊस थांबल्यावर तासाभराने परत जा, पिवळ्या खुंटीपाशी अजून पाणी उभं असेल तर ती जागा कायमची बाद, मग उन्हाळ्यात ती कितीही सपाट आणि सुंदर दिसो. सपाट जागेचं असंच असतं, सगळ्यांना ती आवडते आणि नेमकं तिथेच पाणी बसतं. टेंटला हवा असतो अगदी हलका उतार, म्हणजे झोपलेल्या माणसाला जाणवणार नाही पण पाण्याला जाणवेल इतका. शंभर पावलांत पाणी एका बाजूला निघून गेलं पाहिजे, पुरे.

दुसऱ्या दिवशी साधी टेंटची खुंटी घेऊन जागोजागी रोवून बघा. वीतभर आत गेली आणि हाताने ओढल्यावर सहज सुटली नाही तर माती चांगली. चार बोटांवर खडक लागला तर पाहुण्याचा टेंट पहिल्याच वाऱ्याला उडणार, तिथे एकतर लाकडी फलाट करावा लागतो नाहीतर जागा सोडावी लागते. आणि लोण्यासारखी आत गेली तशीच बाहेर आली तर ओल्या दिवसांत तिथे खुंटी धरणार नाही.

ओढ्याबद्दल मी जरा कडक आहे. पाण्याला लागून साईट ठेवली की फोटो छान येतात आणि बुकिंगही पटकन होतं, पण ओढ्याला पूर यायला तुमच्याकडे पाऊस पडावाच लागतो असं नाही, वर कुठेतरी डोंगरात पडला तरी रात्रीतून पाणी चढतं आणि झोपलेल्या माणसाला आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो. काठावरच्या झाडाझुडपांकडे बारकाईने बघा, फांद्यांना अडकलेला पालापाचोळा, वाळलेलं गवत, प्लॅस्टिकच्या चिंध्या कुठल्या उंचीवर आहेत ते. ती रेषा म्हणजे पाणी आधी कधीतरी जिथवर आलं होतं ती. टेंट तिच्या बराच वर, आणि वर पळायला मोकळी वाट ठेवूनच. रानात कॅम्पिंग करणाऱ्यांसाठी जगभर शिकवला जाणारा नियम आहे की पाण्यापासून निदान २०० फूट म्हणजे साधारण ६० मीटर लांब राहावं. तो मुळात पाणी खराब होऊ नये आणि जनावरांना पाण्यापर्यंत यायला वाट मोकळी राहावी म्हणून आहे, पण तो पाळला की पुराचा धोकाही बराच कमी होतो. काठावर बसायला बाकडं ठेवा, झोपायला जागा देऊ नका.

सखल जागेत अजून एक त्रास असतो. रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि खोलगट भागात साचते, त्यामुळे तिथे वरच्यापेक्षा गारठा जास्त आणि दवही जास्त. सकाळी टेंट आतून ओलाचिंब असतो, पाहुणे म्हणतात टेंट गळला. थोडं वर सरका, अर्ध्या उतारावर, जिथे सकाळचं ऊन लवकर येतं, तिथे माणसं समाधानाने उठतात. अगदी माथ्यावर मात्र नको, वारा आणि वीज दोन्ही तिथे आधी पोचतात.

झाडांखाली सावली मिळते म्हणून सगळे टेंट तिथेच ढकलू नका, आधी मान वर करून बघा. वाळलेली फांदी, अर्धवट तुटून अडकलेली फांदी, खोडात पोकळी, बुंध्याला फुटलेली बुरशी, यातलं काहीही दिसलं तर जाणकार माणसाकडून काढून घ्या किंवा त्याखालची जागा सोडा. आणि फांदी फक्त वादळातच पडते असं नाही, काही जातींच्या मोठ्या झाडांच्या हिरव्या, जिवंत फांद्यासुद्धा उन्हाळ्यात वारा नसताना अचानक निखळतात. एकटं उंच झाड तर वीज पडण्याच्या दृष्टीनेही वाईटच.

जागा फिरवत ठेवायच्या की ठरावीक?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बहुतेकांना वाटतं की आज इथे, पुढच्या वेळी तिथे असं टेंट फिरवत राहिलं तर गवताला विश्रांती मिळेल. यावर खूप अभ्यास झालाय, अमेरिकेत डेव्हिड कोल या संशोधकांनी अनेक वर्षं हेच मोजलं, आणि निष्कर्ष उलटा निघतो: जमिनीचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्याच वापरात होऊन जातं, त्यानंतर तीच जागा कितीही वापरली तरी पुढचं नुकसान हळूहळू वाढतं. पण सावरायला मात्र जमिनीला वर्षानुवर्षं लागतात. म्हणजे टेंट फिरवत राहिलात तर सगळी पाच एकर थोडी थोडी उजाड होणार. त्यापेक्षा मोजक्या जागा पक्क्या ठरवा, त्यांच्या कडा दगडांनी किंवा ओंडक्यांनी आखून द्या, तिथवर एकच पायवाट ठेवा, आणि बाकीची जमीन हात न लावता तशीच राहू द्या. आणि जागा निवडताना गवताळ निवडा, गवत तुडवलेलं सोसतं, झाडांखालची रुंद पानांची नाजूक झुडपं सोसत नाहीत.

दोन टेंटमध्ये निदान ६ मीटर अंतर हवंच, एकाने पेट घेतला तर दुसऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून. पण ते झालं सुरक्षेपुरतं. लोक शहरातून इतक्या लांब येतात ते शेजारच्याचं घोरणं ऐकायला नाही, म्हणून दोन साईटमध्ये ३०-४० मीटर आणि मध्ये झुडपांचा आडोसा असेल तर लोक परत परत येतात. पाच एकरात अशा चार-पाच उत्तम जागा निघाल्या तरी खूप झालं.

संडास, आणि यावरच मी सगळ्यात जास्त बोलणार आहे

एखाद्याची कॅम्पसाईट बंद का पडली हे खोदून विचारलं तर बहुतेकदा संडासापाशीच येऊन थांबतं. लोक पाऊस सहन करतात, किडे सहन करतात, घाण संडास एकदाही सहन करत नाहीत. आणि तो नीट नसेल तर ते झाडामागे जातात, मग तुमची विहीर आणि ओढा दोन्ही धोक्यात.

आकडा कसा काढायचा बघा. आपत्तीच्या वेळी मदत छावण्या उभारणाऱ्यांसाठी स्फिअर नावाची मानकं आहेत, त्यात २० माणसांमागे एक संडास धरलाय, शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान ३० मीटर लांब, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपासून निदान दीड मीटर वर. ही छावणीतल्या माणसांसाठीची किमान पातळी झाली. पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी १० ते १२ माणसांमागे एक धरतो, त्यापलीकडे गेलं की सकाळी रांग लागते आणि साफसफाई हाताबाहेर जाते. म्हणजे दोन संडास बांधायची आणि रोज स्वतः साफ करायची तयारी असेल तर वीस-बावीस माणसं, एका साईटवर चार जण धरले तर पाच साईट. झाला आकडा. बघा, यात एकर कुठेच आले नाहीत.

भूजलाची पातळी मोजायची ती पावसाच्या शेवटी, विहीर भरलेली असते तेव्हा. उन्हाळ्यात खड्डा खोदून "कोरडा आहे की" म्हणणारे पावसात तोच खड्डा पाण्याने भरलेला बघतात. ओढ्याकाठच्या जमिनीत हे हमखास होतं, तिथे खड्ड्याचा संडास करूच नका, जमिनीच्या वर बांधलेला कोरडा, म्हणजे पाण्याच्या फ्लशशिवायचा, संडास करा.

कोरड्या संडासाला वास येतोच हा गैरसमज आहे. वास येतो तो लघवी आणि शौच एकत्र मिसळल्यामुळे, त्यातून अमोनिया सुटतो. लघवी वेगळी काढणारं भांडं बसवलं, तिची नळी वेगळ्या खडीच्या खड्ड्यात नेली, आणि प्रत्येक वापरानंतर वरून मगभर कोरडा लाकडाचा भुसा टाकला, तर आत उभं राहून कळतसुद्धा नाही. भुसा कोरडाच हवा, दमट भुसा काही शोषत नाही, म्हणून झाकणाचं पिंप. आणि भुसा घ्यायचा मगही पिंपातच ठेवा, बाहेर ठेवलात की पाहुणे त्याला पाण्याचा मग समजतात.

हवेच्या पाईपचा विचार नीट करा. आताच्या झिंबाब्वेमध्ये १९७० च्या दशकात ब्लेअर प्रयोगशाळेत जो संडास तयार झाला त्याची युक्ती अजूनही सगळ्यात चांगली आहे: मैल्याच्या टाकीतून वर जाणारा जाड पाईप, छपरापेक्षा उंच, आणि त्याच्या तोंडावर बारीक जाळी. वरून वारा गेला की पाईप खालची हवा ओढून घेतो, त्यामुळे वास खोलीत न येता वर जातो. खोली थोडी अंधारी ठेवायची. मग टाकीतल्या माश्या उजेडाकडे म्हणजे पाईपमधून वर जातात, जाळीला अडकतात आणि तिथेच मरतात. म्हणून आतून प्रकाश हवा म्हणून छपराला पारदर्शक पत्रा लावू नका, त्याने सगळी युक्ती वाया जाते. जाळी दर काही महिन्यांनी बघा, फाटली किंवा कोळिष्टकांनी भरली की काम थांबतं.

दोन टाक्या ठेवा, एक भरली की बंद करून दुसरी चालू. बंद केलेली टाकी गरम हवेत निदान वर्षभर आणि थंड हवेत दीड-दोन वर्षं उघडायची नाही, कारण जंतांची अंडी फार चिवट असतात. त्यानंतर जे निघतं ते झाडांच्या बुंध्याशी पुरा, भाजीपाल्याला घालू नका.

संडासाबाहेर हात धुवायची सोय, साबण, आणि ते पाणी जिरायला छोटा खड्डा. भांडी घासायची एकच जागा ठरवा, तिथे तेलकट आणि अन्नाचे कण अडवणारी गाळणी आणि पुढे खडी भरलेला शोषखड्डा. हे पाणी ओढ्याकडे कधीच वळवायचं नाही.

पिण्याचं पाणी

कोरडा संडास असेल तर माणशी रोज १५ लिटर धरून चाला, फ्लशवाला असेल तर हा आकडा कितीतरी वाढतो, म्हणूनही मी कोरड्याच्या बाजूचा आहे. विहिरीचं पाणी आपण लहानपणापासून पितोय, आपल्याला काही झालं नाही, हे पाहुण्यांसाठी चालत नाही. लॅबमध्ये तपासून घ्या, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू) एकही असता कामा नये, आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा तपासा कारण तेव्हाच वरची घाण विहिरीत उतरते. क्लोरीन टाकत असाल तर अर्ध्या तासाने पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसलं पाहिजे, साधा किट मिळतो. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. विहिरीला कठडा आणि झाकण, हे तर पाहुणे यायच्या आधीच, लहान मुलं येणार आहेत.

जनावरं

तुमची किंवा शेजाऱ्याची जनावरं त्याच कुरणात चरत असतील तर इथे नीट वाचा. गाईगुरं आणि मेंढ्यांच्या शेणात ई. कोलायचा ओ१५७ हा घातक प्रकार असू शकतो, जनावराला त्याचा काही त्रास नसतो पण लहान मुलाच्या किडन्या निकामी होऊ शकतात. स्कॉटलंडमध्ये २००० साली मेंढ्या चरलेल्या शेतात स्काउटचा कॅम्प लागला आणि तिथे साथ पसरली होती. ब्रिटनमधला सल्ला सरळ आहे: कॅम्पच्या आधी ३ आठवडे जनावरं त्या शेतात सोडायची नाहीत, शेण उचलायचं, गवत कापायचं आणि कापलेलं गवत तिथून हलवायचं. आणि कॅम्प चालू असताना मध्ये पक्कं कुंपण. पिल्लू असलेली गाय आणि पाहुण्यांचा कुत्रा एका कुरणात येऊ देऊ नका.

शेकोटी

शेकोटीशिवाय कॅम्पिंग लोकांना नको असतं, आणि मालकाची झोप उडवणारी गोष्टही तीच. माझं म्हणणं, बंदी घालण्यापेक्षा जागा तुम्ही ठरवून द्या, नाहीतर ते स्वतः ठरवतात. प्रत्येक साईटला एक लोखंडी कडं किंवा पायांवर उभी शेगडी, भोवती ३ मीटरपर्यंत जमीन साफ, वर फांद्या नाहीत, टेंट वाऱ्याच्या खालच्या बाजूला नाही. कडं करायला ओढ्यातले गोटे आणू नका, ओल्या दगडातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि तुकडे उडतात. पालापाचोळ्याचा जाड थर किंवा मुळं असलेल्या जमिनीवर तर आग नकोच, ती खाली खाली धुमसत जाते आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडेच वर येते.

लाकूड तुम्हीच द्या. बाहेरून आणू देऊ नका आणि झाडं तोडू देऊ नका. अमेरिकेत एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, आणि लोकांनी गाडीत टाकून नेलेल्या सरपणातून तो लांब लांब पसरला, ॲश नावाच्या जातीची झाडं कोट्यवधींनी गेली. सरपणातून कीड येते हे कुठल्याही देशात खरं आहे.

विझवायचं कसं हे बोर्डावर लिहा, लोकांना खरंच माहीत नसतं. बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब जाणवली म्हणजे विझलेली नाही. माती टाकून निघून जायचं नाही, मातीखाली निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात. वारा जोराचा असेल किंवा गवत वाळून कडक झालं असेल त्या दिवशी शेकोटी बंद, हे बुकिंग करतानाच लिहिलेलं असावं म्हणजे आल्यावर वाद होत नाही.

आणि एक गोष्ट अगदी मोठ्या अक्षरात: टेंटच्या आत शेगडी, कोळसा, बार्बेक्यू काहीही नेऊ नका, विझत आलेलंसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, थंडीत ऊब मिळावी म्हणून लोक निखारे आत घेतात आणि झोपेतच जातात. मी हे प्रत्येक पाहुण्याला तोंडाने सांगतो, बोर्डावर असलं तरी.

कायदा आणि विमा

हे प्रत्येक देशात, कधीकधी प्रत्येक तालुक्यात वेगळं असतं, त्यामुळे स्थानिक ऑफिसात स्वतः जाऊन लेखी विचारा. काय विचारायचं ते सांगतो: शेतजमिनीवर पैसे घेऊन मुक्काम करू देणं चालतं का, किती दिवस आणि किती टेंटपर्यंत, संडास नि फलाट हे बांधकामात मोडतं का, आणि तुमच्या जमिनीपर्यंतचा रस्ता धंद्यासाठी वापरायचा हक्क तुम्हाला आहे का. शेवटचं लोक विसरतात, आणि वाट शेजाऱ्याच्या बांधावरून असेल तर सगळं तिथेच अडतं. उदाहरण म्हणून, इंग्लंडमध्ये जुलै २०२३ पासून वर्षाला ६० दिवस आणि ५० जागांपर्यंत तात्पुरती कॅम्पसाईट पूर्ण प्लॅनिंग परवानगीशिवाय चालवता येते, पण स्थानिक प्लॅनिंग ऑफिसला आधी लेखी कळवावं लागतं आणि संडास नि कचऱ्याची सोय जागेवर करणं ही त्यातली अटच आहे. म्हणजे कायदासुद्धा शेवटी त्याच मुद्द्यावर येतो. जमिनीवर कर्ज असेल तर बँकेचा करारही काढून वाचा.

घराचा किंवा शेतीचा विमा पैसे देणाऱ्या पाहुण्यांना सहसा धरत नाही. वेगळा सार्वजनिक दायित्वाचा विमा (तुमच्या जागेत दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाईसाठीचा) घ्या, आणि त्यात शेकोटी, झाडाची फांदी पडणं, पाणवठा, जनावरं हे सगळं वगळलेलं तर नाही ना हे शब्दन्‌शब्द बघा. बुकिंग प्लॅटफॉर्म स्वतःचं संरक्षण देतात म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याच्याही अटी असतात, आणि थेट फोनवर घेतलेलं बुकिंग त्यात येत नाही.

रस्ता, गाड्या, मोबाईल

गाड्या साईटपर्यंत नेऊ देऊ नका. फाटकाजवळच कडक जमिनीवर, मुरूम टाकून पार्किंग करा आणि तिथून सामान हातगाडीने. एका ओल्या संध्याकाळी चार गाड्या गवतात फिरल्या की जे चर पडतात ते पुढच्या वर्षीही दिसतात, शिवाय पाणी मग त्या चरातूनच वाहायला लागतं आणि तुम्ही लावलेल्या खुंट्यांचा सगळा हिशोब बदलतो. फायर ब्रिगेडची गाडी आणि ॲम्ब्युलन्स आत येऊन वळू शकेल एवढी वाट मात्र मोकळी ठेवा, रुंदी ३.७ मीटर असली तर उत्तम.

गावाकडच्या पत्त्यावर मॅप भलत्याच बांधावर नेऊन सोडतो, तेव्हा अक्षांश-रेखांश किंवा प्लस कोड (गूगल मॅपवर दिसणारा त्या जागेचा छोटा कोड) द्या, आणि शेवटच्या दोन वळणांचे फोटो पाठवा. उजेड असताना पोचा हे नियमातच टाका. फोन घेऊन सगळी जमीन फिरा, जिथे रेंज येते तिथे एक खांब रोवा आणि त्यावर हाच प्लस कोड, तुमचा नंबर आणि तातडीचे नंबर लिहून ठेवा. रात्री तीन वाजता घाबरलेल्या माणसाला "मी कुठे आहे" हे वाचून दाखवता आलं पाहिजे.

पाहुणे, शेजारी, पैसे

त्रास बहुतेक वेळा मोठ्या ग्रुपमुळे होतो, कुटुंबांमुळे क्वचितच. म्हणून एका बुकिंगमध्ये किती माणसं याची मर्यादा ठेवा, आणि एकाच ग्रुपने सगळ्या साईट घेतल्या तर आधी फोनवर बोला. रात्री दहानंतर शांतता, स्पीकर नाही, आणि हे मोडलं तर काय होणार तेही लिहा. आवाज रात्री लांब जातो, पाण्यावरून तर फारच. शेजाऱ्यांना सुरू करायच्या आधी भेटा, बुकिंगच्या तारखा त्यांना कळवत जा, तुमचा नंबर द्या. तक्रार तुमच्याकडे आली तर मिटते, ऑफिसात गेली की धंदा अडकतो.

मालक किंवा जबाबदार माणूस रात्री हाकेच्या अंतरावर असलाच पाहिजे. हे जमत नसेल, म्हणजे तुम्ही शहरात आणि जमीन गावाला, तर आधी असा माणूस शोधा, नाहीतर सुरूच करू नका असं मी स्पष्ट सांगतो.

भाडं ठरवताना जवळच्या हॉटेलशी तुलना करू नका. एका बुकिंगमागे तुमचे किती तास जातात ते धरा: संडास, राख काढणं, लाकूड, पाणी, कचरा, मेसेजना उत्तरं. एका रात्रीच्या आणि दोन रात्रींच्या बुकिंगला काम जवळपास तेवढंच पडतं, म्हणून सुट्टीच्या दिवसांत दोन रात्रींची अट ठेवा. लाकूड भाड्यातच धरा, वेगळे पैसे लावले की लोक झाडं तोडतात. पाऊस आला तर पैसे परत की तारीख बदलून, हे आधीच ठरवा. तारीख बदलून देणं मला बरं वाटतं. पण पुराचा किंवा वादळाचा इशारा असेल तर मीच बुकिंग रद्द करून पूर्ण पैसे परत देतो, त्यात घासाघीस करत नाही.

आता ॲपचं. हिपकँपसारखी सेवा २०१३ पासून आहे, खाजगी जमिनीवरच्या कॅम्पसाईटसाठीच ती ओळखली जाते, तुमच्या देशात चालते का ते बघा, नसेल तर घरं भाड्याने देणारी नेहमीची ॲप आहेतच. कुठलंही घ्या, पण आधी प्रत्येक साईटवर स्वतः झोपा, एकदा तरी पावसात आणि एकदा तरी सगळ्यात थंड रात्री. मग पहिल्या हंगामात दोनच साईट उघडा, ओळखीच्या लोकांना बोलवा आणि त्यांना संडासाबद्दल खरं काय ते सांगायला लावा. लिस्टिंगमध्ये संडासाचा आतला फोटो टाका, बहुतेक जण टाकत नाहीत आणि लोक नेमका तोच शोधत असतात. वीज नाही, फोनला रेंज एकाच ठिकाणी, सामान दोनशे पावलं वाहून न्यावं लागतं, पहाटे शेजारचा ट्रॅक्टर सुरू होतो, हे सगळं पहिल्या चार ओळींत लिहा. ज्यांना हे चालत नाही ते येणार नाहीत, आणि ज्यांना चालतं ते जागा नीट वापरतात.

विहीर ओढ्यापासून आणि उतारापासून नेमकी कुठे आहे ते कळवा, संडास कुठल्या बाजूला घ्यायचा ते त्यावरून सांगता येईल.